कंटेनरचं दार बंद होण्याआधी: पहिल्यांदा समुद्रमार्गे माल पाठवणाऱ्यांसाठी

कंटेनरची दारं ओढून, दांडे फिरवून सील ठोकलं की आतला माल पुन्हा उजेड बघतो तो परदेशातल्या गोडाऊनमध्ये. मध्ये ट्रेलर, बंदराचं यार्ड, क्रेन, जहाज, पुन्हा क्रेन, पुन्हा ट्रेलर. या सगळ्या प्रवासात आत डोकावणारं कुणी नसतं. खोकं ओलं झालं, थप्पी कलली, कागदावरचा एक आकडा चुकला, तर जागेवर सावरणारंही कुणी नसतं. म्हणून पहिला कंटेनर पाठवणाऱ्याने जहाज कुठे पोचलं हे मोबाईलवर बघत बसण्यापेक्षा दार बंद होण्याआधीच्या दहा-पंधरा दिवसांत जीव ओतावा. नुकसान बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

समजायला सोपं जावं म्हणून शेवटपर्यंत एकच माल धरू: सांगलीची हळद पावडर, अर्ध्या किलोची २० पाकिटं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात, २० फुटी कंटेनर, न्हावा शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदरात. माल बेदाणा असो, कापड असो की यंत्राचे सुटे भाग, पायऱ्या याच राहतात.

पूर्ण कंटेनर की वाटणीतला

माल थोडा असेल तर फॉरवर्डर, म्हणजे मालाची वाहतूक ठरवून देणारा मध्यस्थ, चार-पाच जणांचा माल एका कंटेनरमध्ये घालतो. याला एलसीएल म्हणतात. इथे भाडं घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त भरेल त्यावर लागतं; १ घनमीटर म्हणजे १ टन असा हिशोब असतो. माल साधारण १४-१५ घनमीटरच्या पुढे गेला की पूर्ण २० फुटी कंटेनरचा दर जरूर मागवा. बऱ्याचदा अर्धा रिकामा कंटेनरही वाटणीपेक्षा स्वस्त पडतो. एलसीएलचं समुद्रभाडं ऐकायला फार कमी वाटतं, पण पलीकडच्या बंदरात माल सोडवण्याचे आकार त्याच्या कित्येक पट असू शकतात आणि ते गिऱ्हाइकाच्या अंगावर पडतात. दोन्ही टोकांचे आकार लेखी घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

खाण्याच्या मालासाठी आणखी एक गोष्ट आहे. हळद, चहा, तांदूळ हे पदार्थ वास ओढून घेतात. शेजारी रबर, साबण किंवा रंगाचे डबे आले तर पाकीट न फुटताही माल नाकारला जाऊ शकतो. मसाल्याचा माल वाटणीत पाठवू नये, हे आमचं स्पष्ट मत.

मापांचा हिशोब खोक्यापासून

२० फुटी कंटेनर आतून सुमारे ५.८९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो. दाराची उंची मात्र २.२८ मीटरच. घनफळ ३३ घनमीटर. ४० फुटी आतून १२.०३ मीटर लांब, ६७ घनमीटर. त्याचाच उंच प्रकार, ज्याला हाय क्यूब म्हणतात, आतून २.६९ मीटर उंच आणि ७६ घनमीटर. वजनाच्या बाबतीत नवखे लोक हमखास फसतात: ४० फुटीत दुप्पट वजन जात नाही. दोन्हींची एकूण वजनाची मर्यादा बहुधा ३०.४८ टनच असते आणि ४० फुटीचं स्वतःचं वजन जास्त, त्यामुळे त्यात माल उलट थोडा कमीच बसतो. तांदूळ, साखर असा जड माल म्हणूनच २० फुटीत जातो आणि हलका, फुगीर माल ४० फुटीत.

आता आपलं खोकं. बाहेरून ४० × ३० × ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.०३६ घनमीटर. कागदावर ३३ ला ०.०३६ ने भागलं की ९१६ खोकी येतात आणि नवा निर्यातदार हाच आकडा गिऱ्हाइकाला कळवून मोकळा होतो. प्रत्यक्षात लांबीत ४० च्या मापाने १४ ओळी बसतात, रुंदीत ३० च्या मापाने ७, उंचीत ७ थर. १४ × ७ × ७ म्हणजे ६८६. कागदावरच्या आकड्याचा पाव भाग हवेत गेला.

खोक्याची उंची फक्त १ सेंटिमीटरने कमी करून २९ केली तर आठवा थर बसतो: २३२ सेंटिमीटर, वर ७ सेंटिमीटर मोकळे. १४ × ७ × ८ म्हणजे ७८४. यातही दाराजवळच्या शेवटच्या ओळीतली वरची ७ खोकी जात नाहीत, कारण दाराच्या वरचा लोखंडी आडवा २२८ वर आहे आणि आठव्या थराचं डोकं २३२ वर. उरली ७७७. एका सेंटिमीटरने ९१ खोकी जास्त गेली, म्हणजे भाडं तेवढंच आणि माल ९१० किलो जास्त. म्हणून खोक्याची छपाई देण्याआधी कंटेनरचं माप समोर ठेवा. छापून झालेल्या पाच हजार खोक्यांना काही इलाज नसतो.

खोक्याची ताकदही याच वेळी ठरवायची. आपल्या खोक्याचं भरलेलं वजन १०.६ किलो. आठ थरांत तळच्या खोक्यावर सात खोक्यांचं, म्हणजे सुमारे ७४ किलो वजन पडतं. ते स्थिर असताना. जहाज डोलतं, हवा दमट होते, पुठ्ठा नरमतो. म्हणून दाब सोसण्याची ताकद निदान चार-पाच पट हवी: तीनशे ते पावणेचारशे किलो. खोकेवाल्याकडून दाबचाचणीचा आकडा लेखी घ्या. "पाच प्लाय आहे, काळजी नको" एवढ्यावर भागत नाही.

माल भरण्याआधीचे कागद

आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर ५०० रुपयांत मिळतो. नंबर तुमचा पॅनच असतो. तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावा लागतो. काही बदल नसला तरी पोर्टलवर जाऊन तसं नोंदवायचं, नाहीतर कोड निष्क्रिय होतो, आणि हे कळतं ते नेमकं शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडचा निर्यातीचा अर्ज, भरताना. बँकेकडून एडी कोडचं, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेच्या नंबराचं, पत्र घेऊन तो कस्टमच्या आइसगेट प्रणालीत नोंदवावा लागतो. न्हावा शेवासाठी केलेली नोंद दुसऱ्या बंदराला चालेल असं धरून चालू नका. जीएसटी न भरता निर्यात करायची तर त्या आर्थिक वर्षाचा एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरलेला हवा. मसाल्यासाठी मसाला बोर्डाची निर्यातदार नोंदणी, ताज्या फळभाज्यांसाठी अपेडा या कृषी-निर्यात संस्थेची. खाद्यपदार्थ म्हणून एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा, परवाना तर आहेच.

मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टमच्या वर्गवारीतला नंबर, शांत डोक्याने ठरवा. हळद पावडरीचा ०९१०३०३० आहे, वाळलेल्या हळकुंडाचा वेगळा. या कोडवर परतावा, पलीकडची ड्युटी आणि लागणारी प्रमाणपत्रं हे सगळं अवलंबून असतं. १ मे २०२२ पासून भारत आणि संयुक्त अरब अमिरातींमधला व्यापार करार लागू आहे. गिऱ्हाइकाला त्याची सवलत हवी असेल तर मूळ देशाचं प्रमाणपत्र लागेल, आणि ते ऑनलाइन वेळेत काढायचं काम तुमचं. पिकाचा माल असेल तर फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचं, प्रमाणपत्र किंवा धुरी दिल्याचा दाखला लागतो का, हे गिऱ्हाइकाला लेखी विचारा. एकदा जहाज सुटलं की माल तपासून मिळणारा दाखला मागाहून काढता येत नाही.

लाकडी पॅलेट किंवा पेट्या वापरणार असाल तर त्यांवर आयएसपीएम-१५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का हवा. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहील अशी उष्णता देण्यासारखी ठरलेली प्रक्रिया झाल्याची ती खूण आहे. शिक्का नसलेल्या एका पॅलेटपायी अख्खा कंटेनर अडकतो. कंटेनर भरताना मालाला टेकू म्हणून कुणी सहज हाताला लागलेली फळी ठोकतो, तिलाही हाच नियम आहे, आणि पकडलं जातं ते बहुधा तिथेच.

एफओबी लिहिण्याआधी दोन मिनिटं

जोखीम आणि खर्च विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे कुठे जातो हे सांगणाऱ्या ठरावीक अटींना इन्कोटर्म्स म्हणतात. आपल्याकडे सवयीने सगळे एफओबी (जहाजावर चढवून) किंवा सीआयएफ (किंमत, विमा, भाडं धरून) लिहितात. कंटेनरसाठी ते बरोबर बसत नाही. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम तुमची. पण कंटेनर तुमच्या हातून सुटतो तो बंदराच्या गेटवर. पुढे दोन-चार दिवस तो यार्डात उभा असतो आणि तिथे तुमचं काही चालत नाही. यार्डात क्रेनमधून पडला तर भुर्दंड तुमच्या डोक्यावर. एफसीए लिहिलं तर ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात दिल्यावर जोखीम संपते. भाडं तुम्ही भरणार असाल तर सीएफआरच्या (किंमत आणि भाडं) जागी सीपीटी, आणि विमाही तुमचा असेल तर सीआयएफच्या जागी सीआयपी. पुढे जागेचं नाव आणि "इन्कोटर्म्स २०२०" हे शब्द करारात असलेच पाहिजेत. नुसतं "सीआयएफ दुबई" लिहून भांडण मिटत नाही.

बुकिंग आणि उलटी मोजणी

फॉरवर्डरकडे दर मागताना मालाचं नाव, एचएस कोड, एकूण वजन, कंटेनरचा प्रकार, पोचण्याचं बंदर आणि माल तयार होण्याची तारीख द्या. दर घेताना समुद्रभाडं, बंदराचा हाताळणी आकार, बीएलची, म्हणजे जहाज कंपनी मालाची जी पावती देते त्या बिल ऑफ लेडिंगची, फी, सीलचा खर्च, कस्टम ब्रोकरची फी आणि ट्रेलर वेगवेगळे लिहून मागा. ट्रेलरचं भाडं दोन्ही बाजूंचं असतं, कारण रिकामा कंटेनर उरण-पनवेलच्या यार्डातून सांगलीला आणायचा आणि भरून परत न्यायचा. रिकामा कंटेनर उचलल्यापासून किती दिवस फुकट आणि पलीकडे किती दिवस फुकट, हेही बुकिंगच्याच वेळी ठरवून घ्या. नंतर कुणी दिवस वाढवून देत नाही.

बुकिंगच्या पावतीवर चार वेळा असतात: वजन कळवण्याची, बीएलचा मसुदा देण्याची, कागदपत्रांची आणि गेट बंद होण्याची. जहाजाच्या तारखेपेक्षा या चार महत्त्वाच्या. जहाज शनिवारी असेल तर गेट बहुधा त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत बंद होतं. सांगलीहून बंदर साडेतीनशे किलोमीटरच्या वर, त्यात घाट आणि उरणच्या रस्त्यावरची ट्रेलरची रांग. म्हणजे माल मंगळवारी भरून बुधवारी सकाळी ट्रेलर सुटला पाहिजे. एक दिवस राखीव ठेवाच. गेट चुकलं की कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो, म्हणजे धंद्याच्या भाषेत रोल होतो, आणि तोवर यार्डाचं भाडं, ट्रेलरचं हॉल्टिंग आणि गिऱ्हाइकाचे फोन सुरू होतात.

रिकामा कंटेनर तपासणं

ही अर्ध्या तासाची तपासणी टाळू नका. ट्रेलर दारात आला की आधी बाहेरून एक फेरी मारा. कोपऱ्यांचे खांब वाकलेले नाहीत ना, छतावर ठिगळं आहेत का, खालच्या आडव्या पट्ट्या शाबूत आहेत का. कंटेनरचा नंबर जुळवा: चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला सातवा आकडा. तो सातवा आधीच्या दहांवरून गणिताने निघतो, त्यामुळे लिहिताना एक आकडा चुकला तरी प्रणाली बहुतेक वेळा लगेच पकडते. दारावर लिहिलेली वजनं टिपून ठेवा. आपल्या उदाहरणात कमाल एकूण ३०,४८० किलो, रिकामं २,२३० किलो, माल २८,२५० किलो.

मग दोघांनी आत जायचं आणि बाहेरच्याला दोन्ही दारं पक्की लावायला सांगायचं. मोबाईलचा दिवा बंद. मिनिटभर काही दिसत नाही, मग डोळे सरावतात. छताकडे, कोपऱ्यांकडे, दाराच्या रबराच्या कडेने नीट बघा. सुईच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका दिसला तरी तिथून पाणी येणार. पावसाळ्यात ट्रेलर खंबाटकी उतरेपर्यंतच तळच्या खोक्यांना डाग पडलेले असतात. त्याच अंधारात खोल श्वास घ्या. केमिकल, मासळी, डिझेल, कुबट, कसलाही वास आला तर कंटेनर परत. खाण्याच्या मालासाठी बुकिंगमध्येच फूड ग्रेड मागितलेला असेल तर परत करताना वाद होत नाही.

दिवा लावून जमिनीच्या प्लायवूडवर हात फिरवा: वर आलेले खिळे, तेलाचे डाग, ओल. ओली फळी बाहेरून कोरडी दिसते. नखाने दाबून बघा किंवा ओलावामापक टेकवा. यार्डातून कंटेनर उचलतानाच्या पावतीवर आधीचे पोचे, भोकं लिहून घ्यायला ड्रायव्हरला बजावून ठेवा, नाहीतर दुरुस्तीचं बिल तुमच्या नावावर निघतं.

भरणं आणि छताखालचा पाऊस

कंटेनरमधलं पाणी बाहेरूनच येतं असं नाही. ते मालाबरोबर आत जातं. ७७७ खोक्यांचा पुठ्ठा, एकाचा ६०० ग्रॅम धरला तर ४६६ किलो. पुठ्ठ्यात १० टक्के ओलावा असला तर तेवढ्यानेच ४६ लिटर पाणी तुम्ही आत कोंडलं. दिवसा उन्हात कंटेनर तापतो, ओलावा हवेत येतो. रात्री छताचा पत्रा थंड पडतो आणि त्यावर थेंब धरतात. ते थेंब वरच्या थरावर टपकतात. जेबेल अलीला जहाज तीन-पाच दिवसांत पोचतं, तिथे हा त्रास कमी. युरोपला जाणाऱ्या मालाची मात्र वेगळी गत. २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली; अशा वळशाने महिनाभर किंवा जास्त दिवस लागतात, आणि उष्ण कोकणात बंद केलेली हवा हिवाळ्यातल्या युरोपात जाऊन थंड होते.

उपाय साधे आहेत. पुठ्ठा गोडाऊनमध्ये कोरड्या जागी, जमिनीपासून वर ठेवा. पाऊस चालू असताना उघड्यावर भरू नका. भिंतींना आणि मालाच्या वर क्राफ्ट कागद लावा. वरची ७ सेंटिमीटर जागा हवा खेळायला तशीच राहू द्या. ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पट्ट्या भिंतीच्या खाचांत टांगा. २० फुटीत किलोभराच्या सहा ते आठ, लांबचा प्रवास असेल तर वाढवा. या पट्ट्या पाणी पिऊन फुगतात, त्यामुळे त्या खोक्याला टेकणार नाहीत अशा बांधायच्या. आणि पॅलेट ओल्या लाकडाचे असतील तर या पट्ट्यांचा फारसा उपयोग होत नाही, हे लक्षात असू द्या.

थप्पी लावताना खोक्यावर खोकं, कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. खोक्याची खरी ताकद त्याच्या चार उभ्या कडांत असते. माथाडी कामगार सवयीने विटांच्या बांधणीसारखी आडवी-उभी थप्पी लावतात. ती दिसायला भक्कम, पण वरच्याची कड खालच्याच्या मऊ पोटावर येते आणि दाब सोसण्याची ताकद बरीच घटते. सुरुवात समोरच्या भिंतीपासून करा, ओळ पूर्ण झाल्याशिवाय पुढे येऊ नका. वजन लांबीत सारखं वाटा. कंटेनरच्या निम्म्या लांबीत एकूण मालाच्या ६० टक्क्यांहून जास्त वजन नको. नुसती खोकी असताना हे आपोआप जमतं. यंत्रं असली की मुद्दाम आखावं लागतं.

रुंदीत आपली ७ खोकी २१० सेंटिमीटर खातात, २५ उरतात. ही फट तशीच सोडली तर वळणावर सगळी थप्पी तिकडे सरकते. फट दोन्ही बाजूंना वाटू नका. मध्ये एका रेषेत ठेवून हवेच्या पिशव्या किंवा मोठे पुठ्ठ्याचे रोल घाला. लांबीतही दाराजवळ २९ सेंटिमीटर उरतात. तिथे जाळी किंवा पट्टे बांधा. पलीकडे दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर खोकी कोसळू नयेत, एवढी काळजी आपण इथे बसून घ्यायची असते.

मोजणी दोन माणसांनी वेगवेगळी करायची, ओळीगणिक. रिकामा कंटेनर, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण भरलेला, एक दार बंद, दोन्ही बंद आणि सीलचा नंबर, असे फोटो काढायचे. प्रत्येकात कंटेनरचा नंबर येईल असं बघा. नुकसानीचा दावा लागलाच तर हे फोटो तोंडी सांगण्यापेक्षा कितीतरी वजनदार ठरतात.

सील, वजन, कस्टम

पूर्वी कारखान्यात भरायचं म्हटलं की कस्टमचा अधिकारी यायचा. २०१७ पासून निर्यातदाराने परवानगी घेऊन स्वतः सील करायचं, आणि त्यासाठी आरएफआयडी ई-सील वापरायचं, ही पद्धत आली. बंदरावर वाचणी यंत्र ते सील वाचतं. जहाज कंपनीचं बोल्ट सील वेगळं. ते आयएसओ १७७१२ प्रमाणे एच दर्जाचं हवं. पहिल्याच कंटेनरला ही परवानगी हातात नसेल तर माल ट्रकने बंदराजवळच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या गोडाऊनमध्ये, नेऊन तिथे भरता येतो. पण तिथे थप्पी कोण कशी लावतो यावर तुमची नजर राहिली पाहिजे; स्वतः जा किंवा विश्वासाचा माणूस उभा करा.

१ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. दोन रीती आहेत. भरलेला कंटेनर काट्यावर तोलायचा आणि ट्रेलरचं वजन वजा करायचं. किंवा सगळ्या मालाचं वजन बेरजेने काढायचं. आपला हिशोब: ७७७ × १०.६ म्हणजे ८,२३६ किलो, कागद-पट्ट्या-पिशव्या ४० किलो, रिकामा कंटेनर २,२३० किलो. एकूण १०,५०६ किलो. नेहमीची चूक म्हणजे पॅकिंग लिस्टवरचं मालाचं वजनच व्हीजीएम म्हणून पाठवणं. त्यात कंटेनरचे दोन-सव्वादोन टन नसतात. दुसरी चूक ट्रेलरचं वजन जुन्या पावतीवरून धरण्याची; डिझेलची टाकी भरलेली की रिकामी यानेही फरक पडतो. जहाजावर कोणता कंटेनर वर आणि कोणता खाली हे या आकड्यांवर ठरतं. खोटं वजन म्हणजे थप्पी कोसळण्याला आमंत्रण आणि जहाजावरच्या माणसांच्या जिवाशी खेळ.

शिपिंग बिल तुमचा कस्टम ब्रोकर, ज्याला बाजारात आजही सीएचए म्हणतात, आइसगेटवर भरतो. त्याआधी तो एक चेकलिस्ट पाठवतो. ती व्हॉट्सअॅपवर "ओके" लिहून परत पाठवायची गोष्ट नव्हे. इनव्हॉइस शेजारी ठेवून नग, निव्वळ वजन, एकूण वजन, किंमत, चलन, एचएस कोड, एडी कोड आणि परताव्याच्या योजना ओळीने जुळवा. रोडटेपचा, म्हणजे निर्यात मालावरचे कर परत देणाऱ्या योजनेचा, लाभ हवा तर तसं शिपिंग बिलातच नोंदवावं लागतं. मागून दुरुस्ती करायला फार पायपीट होते. कस्टमने "लेट एक्स्पोर्ट" आदेश दिला की माल जहाजावर चढायला मोकळा. जहाज सुटल्यावर जहाज कंपनी ईजीएम, म्हणजे जहाजावर चढलेल्या निर्यात मालाची यादी, कस्टमकडे भरते. त्यातला कंटेनर नंबर किंवा नग शिपिंग बिलाशी जुळला नाही की ड्रॉबॅक (कस्टम ड्युटीचा परतावा) आणि जीएसटीचा परतावा अडकतो. जहाज सुटल्यावर आठवड्याभरात ब्रोकरला ईजीएमची स्थिती विचारायची सवय लावून घ्या.

बिल ऑफ लेडिंग

बीएल ही मालाची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि, ऑर्डर बीएल (सही करून दुसऱ्याच्या नावे करता येणारं) असेल तर, मालाच्या मालकीचा कागद. सहसा तीन मूळ प्रती निघतात आणि त्यातली एक दाखवली तरी माल सुटतो. म्हणून तिन्ही कुणाकडे आहेत हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. पैसे पूर्ण आले नसतील तर माल घेणाऱ्याच्या जागी सरळ गिऱ्हाइकाचं नाव घालू नका. "टू ऑर्डर" किंवा बँकेच्या ऑर्डरने करा. गिऱ्हाईक "सरेंडर करा, लवकर सुटेल" म्हणतं. बीएल सरेंडर केलं किंवा सीवेबिल घेतलं की मूळ कागदाशिवाय माल त्याच्या हातात जातो. तुमच्या हातातलं शेवटचं हत्यार गेलं. पैसे खात्यात दिसल्याशिवाय ते करू नका.

मसुदा आला की नाव, पत्ता, कंटेनर नंबर, सील नंबर, नग, वजन, बंदर, भाडं आधी भरलं की पलीकडे भरायचं, हे सगळं अक्षर न् अक्षर तपासा. जहाज सुटण्याआधी दुरुस्ती सोपी असते. नंतर फी लागते आणि पलीकडच्या कस्टममध्ये दंडही बसू शकतो. एलसीवर, म्हणजे बँकेच्या पतपत्रावर, धंदा असेल तर बँक अक्षराला अक्षर बघते. एलसीत वेगळं सांगितलं नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद बँकेत सादर झाले पाहिजेत, आणि तेही एलसीची मुदत संपण्याआधी. नवं गिऱ्हाईक उधारी मागत असेल तर ईसीजीसीचा, म्हणजे पैसे बुडण्याविरुद्धचा, विमा उतरवा. १९५७ सालापासून ही सरकारी संस्था नेमकं हेच काम करते.

विमा

मालाच्या सीआयएफ किमतीच्या ११० टक्क्यांवर विमा काढायचा आणि ट्रेलर गोडाऊनमधून सुटण्याआधी काढायचा. कलमांचे ए, बी, सी असे प्रकार असतात. सी सर्वांत स्वस्त. त्यात आग, जहाज बुडणं, टक्कर असलं मोठं संकट येतं, पण चोरी किंवा पावसाचं पाणी येत नाही. सीआयएफमध्ये विकणाऱ्याने किमान सी दिलं तरी चालतं, म्हणून गिऱ्हाइकाशी आधी बोलून ए, म्हणजे सर्वांत व्यापक, घ्या. कोणत्याही प्रकारात कमकुवत पॅकिंगमुळे झालेलं नुकसान मिळत नाही.

जहाज कंपनी भरून देईल या भरवशावर राहू नका. तिच्या जबाबदारीला कायद्याने मर्यादा घातलेली आहे. शिवाय जनरल अ‍ॅव्हरेज नावाचा एक जुना सागरी नियम आहे: जहाज वाचवायचा खर्च सगळ्या मालवाल्यांनी वाटून घ्यायचा. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन सुएझमध्ये अडकलं तेव्हा हा नियम लावला गेला, आणि ज्यांच्या मालाला ओरखडाही नव्हता त्यांच्याकडूनही हमी मागितली गेली. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीजवळ सुमारे ६४० कंटेनरसह बुडालं. आपल्याच किनाऱ्यालगतचा हा प्रवास होता, तेव्हा अंतर कमी म्हणून विमा नको हा हिशोब चुकीचा आहे.

माल पोचल्यावर

मूळ कागद जहाजाच्या आधी पोचतील असे कुरियर करा. जेबेल अलीसारख्या जवळच्या बंदराला जहाज कागदांच्या आधी पोचण्याची दाट शक्यता असते. कंटेनर बंदरात पडून राहिला तर यार्डाचं डेमरेज लागतं आणि बाहेर नेऊन रिकामा परत दिला नाही तर डिटेन्शन. दोन्ही दिवसागणिक वाढतात. गिऱ्हाइकाने माल सोडवलाच नाही तर हे आकार जहाज कंपनी अखेर बीएलवरच्या पाठवणाऱ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे मागते.

दार उघडण्याआधी सीलचा नंबर बीएलशी जुळवायला आणि तुटण्याआधीच्या सीलचा फोटो काढायला गिऱ्हाइकाला आठवणीने सांगा. सील वेगळं निघालं किंवा खोकी ओली दिसली तर उतरवणं तिथेच थांबवून विमा कंपनीच्या सर्व्हेअरला बोलवायचं. वरून न दिसणारं नुकसान असेल तर जहाज कंपनीला लेखी सूचना माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत गेली पाहिजे आणि दावा एक वर्षाच्या आत दाखल झाला पाहिजे. या मुदती गिऱ्हाइकाला माल पाठवतानाच्याच ईमेलमध्ये लिहून द्या, आणि सोबत भरतानाचे फोटोही जोडा.